पाकिटावरचे ३२ टक्के: मांजराचं कोरडं खाद्य आणि मोजमापाचा इतिहास



पेट परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी पेट फूडवरचा लेख का वाचावा, असा प्रश्न पडला असेल तर तो रास्त आहे. पण संशोधन पद्धतीच्या पेपरात 'वैधता' आणि 'विश्वसनीयता' यांच्या व्याख्या पाठ करून जे डोक्यात शिरत नाही, ते मांजराच्या खाद्याच्या इतिहासातून फार लवकर शिरतं. कारण या इतिहासात आकडा बरोबर आणि जनावर आजारी, असं एकदा नाही, अनेकदा घडलेलं आहे.

दुकानातलं मांजराच्या कोरड्या खाद्याचं कुठलंही पाकीट उलटं करा. मागे एक छोटा तक्ता असतो. समजा त्यात लिहिलंय: कच्ची प्रथिनं किमान ३२ टक्के, कच्चा स्निग्धांश किमान १४ टक्के, कच्चे तंतू कमाल ४ टक्के, ओलावा कमाल ८ टक्के. यावरून हे खाद्य चांगलं की वाईट हे ठरवता येईल का? 'कच्ची' म्हणजे नेमकं काय? आणि हेच चार आकडे का? याची उत्तरं शोधायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं, आणि गंमत म्हणजे तिथे मांजर कुठेच नाही.

मोजपट्टी कोणासाठी बनली?

१८६० च्या दशकात जर्मनीत ग्यॉटिंगेनजवळच्या वेंडे इथल्या प्रयोगकेंद्रात विल्हेल्म हेन्नेबर्ग आणि फ्रीडरिश श्टोमान हे दोघं गुरांच्या चाऱ्यावर काम करत होते. चाऱ्याची तुलना करायला त्यांनी एक पद्धत बसवली. नमुना वाळवा, वजन घटलं तो ओलावा. भट्टीत जाळा, उरली ती राख. ईथरमध्ये जे विरघळलं तो कच्चा स्निग्धांश. सौम्य आम्ल आणि अल्कलीत उकळूनही जे सेंद्रिय द्रव्य उरलं ते कच्चे तंतू. नायट्रोजन मोजून त्यावरून कच्ची प्रथिनं. आणि या सगळ्यांची बेरीज शंभरातून वजा केली की जे राहिलं ते 'नायट्रोजनविरहित अर्क', म्हणजे ढोबळमानाने पिठूळ पदार्थ आणि साखर.

हा शेवटचा भाग नीट लक्षात घ्या. तो कोणी मोजत नाही, तो फक्त वजाबाकीतून येतो. म्हणजे आधीच्या पाचही मोजमापांतल्या चुका गोळा होऊन त्याच्याच पदरात पडतात.

नायट्रोजन मोजण्याची सोपी रीत आली १८८३ मध्ये. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी ती काढली. कार्ल्सबर्ग म्हणजे बिअरवालीच. धान्यातल्या प्रथिनांचं बिअर बनताना काय होतं हे त्यांना बघायचं होतं. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करून तो ऊर्ध्वपातनाने वेगळा काढायचा आणि अनुमापनाने मोजायचा. एमएस्सीच्या प्रात्यक्षिकात अनेकांनी हा प्रयोग केला असेल. प्रथिनांमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो असं धरून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणतात. हे ६.२५ सुद्धा सरासरीच. गव्हासाठी ५.७० आणि दुधासाठी ६.३८ वापरतात.

म्हणजे पाकिटावरच्या ३२ टक्के प्रथिनांचा खरा अर्थ एवढाच: या खाद्यात सुमारे ५.१ टक्के नायट्रोजन आहे. तो कोंबडीच्या मांसातून आला, मक्याच्या ग्लुटेनमधून आला की पिसांच्या भुकटीतून, हे केल्डालच्या फ्लास्कला कळत नाही. पिसं जवळपास पूर्णपणे केरॅटिन नावाच्या प्रथिनाची असतात. मोजलीत तर आकडा छान येईल, पण प्रक्रिया न केलेली पिसं पोटात पचणार किती? 'कच्ची' हा शब्द म्हणूनच आहे. तो पदार्थ कच्चा असल्याचं सांगत नाही, मोजमाप कच्चं असल्याचं सांगतो.

थोडी आकडेमोड

पुढे जाण्याआधी ते पाकीट वाचायला शिकू, परीक्षेलाही उपयोग होईल.

पहिली गोष्ट, ओलावा. कोरड्या खाद्यात ३२ टक्के प्रथिनं आणि शेजारच्या डबाबंद ओल्या खाद्यात १० टक्के दिसली की कोरडं तिप्पट चांगलं वाटतं. पण कोरड्यात पाणी ८ टक्के आहे आणि ओल्यात समजा ८० टक्के. पाणी काढून टाका. कोरड्याचं ३२ भागिले ९२, म्हणजे सुमारे ३५ टक्के. ओल्याचं १० भागिले २०, म्हणजे ५० टक्के. चित्र एकदम उलटं झालं. कुठलीही दोन प्रमाणं ताडण्याआधी त्यांचा छेद एक आहे ना हे बघायचं, हे आपण सातवीत शिकलो होतो.

दुसरी गोष्ट, न छापलेला आकडा. कर्बोदकं बहुतेक पाकिटांवर नसतात. राख ८ टक्के धरली तर ३२, १४, ४, ८ आणि ८ यांची बेरीज ६६. उरले ३४ टक्के. हा अंदाजच आहे, कारण पाकिटावर 'किमान' आणि 'कमाल' आहे, प्रत्यक्ष आकडा नाही. पण एवढी कर्बोदकं मांसाहारी जनावराच्या खाद्यात का, याला कारण आहे. कोरड्या खाद्याचे दाणे एक्स्ट्रूजन पद्धतीने बनतात. पिठाचा गोळा वाफ, उष्णता आणि दाब यांखाली शिजवून साच्याच्या भोकातून ढकलतात, बाहेर येताच तो फुलतो, मग वाळवतात आणि वरून चरबी व चव देणारे पदार्थ फवारतात. दाणा फुलायला आणि धरून राहायला पिठूळ पदार्थ लागतो. म्हणून 'धान्यविरहित' लिहिलेल्या पाकिटातही वाटाणा किंवा बटाटा सापडतो. यंत्राची ही गरज आहे, मांजराची नाही.

विस्कॉन्सिनच्या कालवडी

आता मूळ प्रश्न. दोन खाद्यांचं रासायनिक विश्लेषण सारखं आलं तर ती सारखीच पोषक म्हणायची का?

१९०७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हा प्रश्न सरळ जनावरांनाच विचारला गेला. कल्पना स्टीफन बॅबकॉक यांची. दुधातली चरबी मोजण्याची बॅबकॉक चाचणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते तेच हे. म्हणजे मोजमापावर ज्यांचं नाव झालं, त्यांनाच मोजमापावर भरवसा नव्हता. एडविन हार्ट यांच्या देखरेखीखाली १६ कालवडींचे चार गट केले. एका गटाला सगळा आहार मक्याच्या झाडापासूनचा, दुसऱ्याला गव्हाच्या, तिसऱ्याला ओटच्या आणि चौथ्याला तिन्हींचं मिश्रण. प्रथिनं आणि ऊर्जा विश्लेषणानुसार सगळीकडे सारखी बसवली होती. कागदावर चारही आहार एकच.

गोठ्यात मात्र तसं नव्हतं. मक्यावरच्या कालवडी तुकतुकीत, त्यांची वासरं धडधाकट. गव्हावरच्या कालवडी खंगल्या, आंधळ्या होऊ लागल्या, त्यांची वासरं दिवस भरण्याआधीच जन्मली आणि जगली नाहीत. १९११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच गटातले एल्मर मॅकॉलम पुढे उंदरांवर काम करू लागले आणि १९१३ मध्ये मार्गरीट डेव्हिस यांच्यासोबत त्यांनी स्निग्धांशात विरघळणारा एक आवश्यक घटक दाखवला. तेच आजचं अ जीवनसत्त्व. पिवळ्या मक्यात त्याचं पूर्वरूप असलेली कॅरोटीनं असतात. गव्हाचा दाणा आणि काड यांत ती नसल्यात जमा. वेंडेच्या तक्त्यात या गोष्टीला रकानाच नव्हता.

इथे एक क्षण थांबा. ज्या कॅरोटीनने कालवडी वाचल्या, त्याने मांजर वाचलं नसतं. मांजराला कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवताच येत नाही, ते तयार स्वरूपात, म्हणजे प्राण्यांच्या ऊतींतून किंवा वेगळं मिसळूनच मिळावं लागतं. तेव्हा 'हे पोषक आहे का' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणासाठी' हे सोबत विचारावंच लागतं.

मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे

पाळीव प्राण्यांच्या तयार खाद्याचा धंदा कुत्र्यांपासून सुरू झाला. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली. एक्स्ट्रूजनचं फुललेलं कोरडं खाद्य १९५० च्या दशकात आलं, तेही आधी कुत्र्यांसाठीच. मांजर मागून आलं, आणि बराच काळ ते छोटा कुत्रा असल्यासारखं धरलं गेलं.

तसं ते नाही, हे १९७० च्या दशकात एकामागून एक उघड झालं. १९७५ मध्ये के. सी. हेज आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात लिहिलं की प्रथिनांचा एकमेव स्रोत म्हणून दुधातलं केसीन दिलेल्या मांजरांचं दृष्टिपटल झिजतं, आणि याचा संबंध टॉरिनच्या अभावाशी आहे. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवलं की वनस्पती तेलातल्या लिनोलिक आम्लापासून अरॅकिडॉनिक आम्ल बनवण्यात मांजर कमी पडतं. १९७८ मध्ये जेम्स मॉरिस आणि क्विंटन रॉजर्स यांनी दाखवलं की आर्जिनिन नसलेलं एकच जेवण मांजराच्या रक्तातला अमोनिया काही तासांत धोकादायक पातळीवर नेतं. त्याच वर्षी कुत्र्यांचं खाद्य खाऊन दृष्टिपटल बिघडलेल्या मांजरांची नोंदही प्रसिद्ध झाली.

यातलं टॉरिन आपल्यासाठी सगळ्यांत बोधप्रद. १८२७ मध्ये टीडेमान आणि ग्मेलिन यांनी ते बैलाच्या पित्तातून वेगळं केलं होतं. नाव पडलं बैलाच्या लॅटिन शब्दावरून. ते प्रथिनांच्या साखळीत गुंफलं जात नाही, स्नायूंमध्ये सुटंच असतं. धान्यात जवळपास नसतं. बहुतेक सस्तन प्राणी ते शरीरात बनवतात. मांजराला ते फार थोडं बनवता येतं, आणि वर पित्ताम्लांना जोडायला ते फक्त टॉरिनच वापरतं. आवक कमी आणि रोजचा खर्च ठरलेला, असा हा संसार. केसीनमध्ये प्रथिनं उत्तम, पण टॉरिन नाही. केल्डालने मोजलं असतं तर त्या आहाराला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. आणि दृष्टिपटलाच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

१९८७: शिफारस पाळूनही

एव्हाना प्रश्न सुटला असं वाटायला हरकत नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने मांजरांच्या पोषणगरजांचे अहवाल १९७८ आणि १९८६ मध्ये काढले. कंपन्या त्यानुसार खाद्य बनवत होत्या.

पण मांजरं हृदयविकाराने मरतच होती. डाव्या जवनिकेचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगणं, म्हणजे डायलेटेड कार्डिओमायोपथी, याचं कारण सापडत नव्हतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले पॉल पायन हृदयरुग्ण मांजरं तपासत होते. १९८७ मध्ये त्यांनी मार्क किटलसन, रॉजर्स आणि मॉरिस यांच्यासह 'सायन्स'मध्ये निबंध दिला. बाजारातलं मांजरांचंच खाद्य खाणाऱ्या २१ मांजरांमध्ये रक्तातलं टॉरिन कमी आणि हृदयाचं आकुंचन दुबळं आढळलं. तोंडावाटे टॉरिन दिल्यावर हृदयाचं काम पूर्वपदावर आलं. मरणाच्या दारातलं दुखणं एका स्वस्त पुरवणीने उलटलं, असं वैद्यकात रोज घडत नाही.

मग पाकिटात टॉरिन असूनही ते कमी का पडलं? याचं उत्तर डेव्हिसच्याच मंडळींनी पुढच्या काही वर्षांत किरणोत्सारी खूण लावलेलं टॉरिन वापरून शोधलं. एकच खाद्य एका गटाला गोठवून ठेवलेलं दिलं आणि दुसऱ्याला उष्णतेची प्रक्रिया केलेलं. दोन्हींत टॉरिन होतं. पण उष्णता दिलेल्या खाद्यावर आतड्यातले जिवाणू टॉरिनचं जास्त विघटन करत होते. मांजराच्या आधी जिवाणूच जेवून घेत होते म्हणा ना.

म्हणून आज अमेरिकन खाद्यनियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या, म्हणजे 'ॲफको'च्या तक्त्यात टॉरिनचे दोन वेगळे आकडे आहेत. कोरड्या वजनावर एक्स्ट्रूड केलेल्या खाद्यात किमान ०.१० टक्के, डबाबंद खाद्यात किमान ०.२० टक्के. जनावर तेच, गरज तीच, तरी आकडा दुप्पट, कारण प्रक्रिया वेगळी. या दोन आकड्यांमधल्या फरकात इतकं संशोधन आणि इतकी मांजरं आहेत. तक्ते पाठ करताना हे कोणी सांगत नाही.

२००७: आकडा फसवतो तेव्हा

आतापर्यंत मोजपट्टी अपुरी होती. २००७ मध्ये कोणीतरी ती जाणूनबुजून फसवली. मार्च महिन्यात कॅनडातल्या मेन्यू फूड्स कंपनीने ६ कोटींहून जास्त डबे आणि पाकिटं परत मागवली. मांजरं आणि कुत्री मूत्रपिंडं निकामी होऊन मरत होती. तपासात चीनमधून आलेल्या, गव्हाचं ग्लुटेन म्हणून विकलेल्या मालात मेलामाइन सापडलं. मेलामाइन आणि सायन्युरिक आम्ल एकत्र आले की मूत्रपिंडात स्फटिक धरतात.

मेलामाइनच का? रेणूसूत्रच बघा: तीन कार्बन, सहा हायड्रोजन, सहा नायट्रोजन. वजनाने सुमारे ६६.६ टक्के नायट्रोजन. त्याला ६.२५ ने गुणा, ४१६ येतात. म्हणजे एक ग्रॅम मेलामाइन टाकलं की केल्डालला चार ग्रॅमहून जास्त 'प्रथिनं' दिसतात. आपल्याकडे दुधात युरिया मिसळण्यामागेही हाच हिशोब असतो. युरियाच्या गोणीवर ४६ टक्के नायट्रोजन छापलेलं प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेलं आहे. ६.२५ ने गुणलं की २८७ टक्के 'प्रथिनं'. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण केल्डालला तंतोतंत लागू पडते.

पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, चीनमध्ये तेच मेलामाइन बाळांच्या दूधभुकटीत सापडलं. सुमारे ३ लाख मुलं आजारी पडली, सहा बाळं दगावली. मांजरांनी वर्षभर आधी दिलेला इशारा होता तो.

मग आज काय बघायचं?

पाकीट जोखायचे मुख्य दोन मार्ग आहेत. पहिला, घटकांचे आकडे तक्त्याशी ताडणे. ॲफकोच्या तक्त्यात प्रौढ मांजरासाठी कोरड्या वजनावर प्रथिनं किमान २६ टक्के आहेत, वाढत्या पिल्लांसाठी ३०. दुसरा, खाद्य प्रत्यक्ष मांजरांना घालून बघणे.

दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो, पण आराखडा तपासा. प्रौढ मांजरांच्या चाचणीला किमान ८ मांजरं आणि २६ आठवडे लागतात. आता १९८७ च्या निबंधातला दुसरा भाग आठवू या, जो मी मुद्दाम मागे ठेवला होता. टॉरिन किंचित कमी असलेल्या प्रयोगशाळेतल्या आहारावर ११ मांजरं ४ वर्षं होती. त्यांपैकी हृदय दुबळं झालं फक्त २ जणांचं. आता सांगा, ८ मांजरांच्या सहा महिन्यांच्या चाचणीत तो दोष हृदयाच्या लक्षणांतून सापडण्याची शक्यता किती? फारच थोडी. म्हणूनच मांजरांच्या चाचणीत शेवटी रक्तातलं टॉरिन मोजणं घातलं गेलं. रोग दिसायला वर्षं लागतात, रक्त आधी बोलतं. आणि जी कमतरता अजून कोणाला ठाऊकच नाही, तिच्यासाठी रक्तचाचणीही नसते.

तर घरी मांजर असलेल्यांसाठी थोडक्यात: 'संपूर्ण व समतोल' हे विधान आहे का, कोणत्या वयासाठी आहे आणि तक्त्यावरून की चाचणीवरून, हे वाचा. प्रथिनांची तुलना पाणी वगळून करा. घटकांच्या यादीत ताजी कोंबडी पहिली दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. यादी प्रक्रियेआधीच्या वजनानुसार असते आणि ताज्या मांसात बहुतांश पाणीच असतं. मांजर ताव मारतंय हा पुरावा वरून फवारलेल्या चवीचा आहे, पोषणाचा नाही. कुत्र्याचं खाद्य मांजराला रोज घालू नका. आणि काही शंका असेल तर पशुवैद्यांना विचारा.

आणि संशोधनाच्या वाटेवर असलेल्यांसाठी: तुमच्या सिनॉप्सिसमध्ये कुठली ना कुठली मोजपट्टी असणारच. प्रश्नावली असेल, निर्देशांक असेल, शोषणांक असेल. तिच्याविषयी चार प्रश्न लिहून काढा. ही मूळ कोणासाठी बनली? ती प्रत्यक्षात काय मोजते आणि आपण तिला काय म्हणतो? आपल्या नमुन्यावर अशी कुठली प्रक्रिया झाली आहे का, जिने आकडा तोच राहतो पण अर्थ बदलतो? आणि ती फसवायची असेल तर कशी फसवता येईल? चौथ्या प्रश्नाचं उत्तर मेलामाइन विकणाऱ्यांनी तज्ज्ञांच्या आधी शोधलं, हे विसरू नका.

केल्डालची पद्धत आजही टाकाऊ नाही. ती नायट्रोजन अचूक मोजते आणि तेवढंच काम तिला सांगितलं तर ती कधीच खोटं बोलत नाही. पद्धतीच्या प्रकरणात आपल्या मोजपट्टीबद्दलही असंच एक प्रामाणिक वाक्य लिहिता आलं, तर मौखिक परीक्षेतला अर्धा ताण तिथेच संपतो.

मुख्य परीक्षेला शुभेच्छा. अभ्यास चालू ठेवा.